सावरणारे हात घडविणाऱ्या डॉ. अनिता अवचट

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एका कर्तबगार स्त्रीचे चरित्र द्यावे, ही प्रथा मला फार आवडते. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई ह्यांच्या चरित्रांनी आपल्याला नेहमीच बळ दिले आहे. ह्या वर्षी चरित्र लिहिण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, लेखणीची सवय नाही. परंतु वाचनालयातून पुस्तके आणून वाचण्याची गोडी आहे, तिच्या बळावर हे धाडस करीत आहे. चुकले माकले भगिनींनी गोड मानून घ्यावे.

मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्या डॉ. अनिता अवचट पुण्याच्या. त्यांना जाऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला. व्यसनाच्या गाळात रुतलेल्या माणसाला वर काढण्याचे काम त्यांनी आपल्या महाराष्ट्रात रुजविले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे असे वर काढणारे हात त्यांनी शिकवून तयार केले. एकटा डॉक्टर किती जणांना वाचविणार? पण एका डॉक्टरने पन्नास माणसे शिकवून उभी केली, तर ती पन्नास माणसे किती घरे सावरतील, ह्याचा हिशेब आपण बायकांना सहज समजण्यासारखा आहे.

भगिनींनो, दारूचे दुःख सोलापूरला नवे नाही. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळात पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी बायका लेकरे घेऊन उभ्या राहात, पगार गुत्त्यात जाण्याआधी हाती पडावा म्हणून, असे आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायका सांगत. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, पण गुत्ते काही थांबले नाहीत. आजही दिवसभर विड्या वळून चार पैसे गाठीला बांधणाऱ्या बाईला ते पैसे पिठाच्या डब्यात लपवावे लागतात, हे आपण सर्वजणी जाणतो.

ह्या दुःखाशी आपले गाव पूर्वीपासून झगडत आले आहे. १९३० सालच्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, तेव्हा सोलापूरचे लोक रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडे तोडण्यासाठी गेले होते. त्यातूनच पुढे गोळीबार झाला, शहरात लष्करी कायदा आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी आपले चार हुतात्मे फासावर गेले. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला. अगदी अलीकडे २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी मुळेगाव तांडा व इतर ठिकाणी हातभट्ट्या बंद करून तेथील कुटुंबांना दुसरा कामधंदा मिळावा म्हणून ऑपरेशन परिवर्तन नावाचा उपक्रम हाती घेतला. ही सर्व कामे मोलाचीच होत. परंतु शिंदीचे झाड तोडता येते, भट्टी मोडता येते. ज्याच्या रक्तात दारू मुरली आहे त्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न मागे उरतोच. त्या माणसाला आपण शिव्या देतो, देवाची शपथ घालतो, गळ्यात माळ घालतो, गंडा बांधतो. माळ घातली की महिना दोन महिने बरे जातात, आणि एके दिवशी माळ खुंटीला अडकवलेली दिसते. अनिताबाईंनी आपले सारे आयुष्य ह्याच मागे उरलेल्या प्रश्नाला दिले.

अनिताबाईंना घरात व मित्रमंडळींत सुनंदा म्हणत. त्यांचे यजमान डॉ. अनिल अवचट हे पुणे जिल्ह्यातील ओतूरचे. दोघेही डॉक्टर. अनिल अवचट पुढे डॉक्टरकी सोडून लेखणीकडे आणि समाजकार्याकडे वळले. हमाल, विडी कामगार, भटके, देवदासी अशा उपेक्षितांमध्ये जाऊन ते लिहीत. असे लिहून घर चालत नाही, हे सांगायला नको. घर चालविण्याची जबाबदारी अनिताबाईंनी आपल्या शिरावर घेतली. त्या मानसोपचार शिकल्या आणि येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात नोकरी करू लागल्या. राहणी अगदी साधी. मुक्ता आणि यशोदा ह्या आपल्या दोन्ही मुलींना त्यांनी नगरपालिकेच्या शाळेत घातले. दोघेही डॉक्टर असलेल्या घरात असे कितीसे घडते? पण गरिबांच्या मुलांना जे मिळते तेच आपल्या मुलांनाही मिळावे, असा त्या घरचा विचार होता.

येरवड्याचे मनोरुग्णालय म्हटले की लोकांच्या अंगावर काटा येतो. वेड्यांचे इस्पितळ म्हणून त्याचे नाव घेतले जाई. ज्या माणसाला घरच्यांनी टाकले, ज्याला समाजाने हसून सोडून दिले, अशांमध्ये अनिताबाई रोज वावरत होत्या. मनाचा आजार हा पाप नव्हे, करणी नव्हे, तो ज्वरासारखा आजार आहे आणि त्यालाही उपचार आहेत, ही दृष्टी त्यांना तेथे पक्की झाली. पुढे व्यसनी माणसाकडेही त्यांनी ह्याच दृष्टीने पाहिले.

१९८० नंतरच्या काही वर्षांत आपल्या देशातील मोठ्या शहरांत एक नवी पीडा शिरली. तिला गर्द म्हणतात, ब्राऊन शुगर असेही म्हणतात. ही तपकिरी रंगाची पूड अफूपासून होणाऱ्या हेरॉईनचे भेसळ केलेले रूप. चांदीसारख्या पन्नीवर ती ठेवायची, खालून काडी लावायची आणि वर येणारा धूर नळीने ओढायचा. चार आठ दिवस कोणी ओढली की शरीर तिची मागणी करू लागते. न मिळाल्यास नाका-डोळ्यांतून पाणी, हाडे मोडल्यासारख्या वेदना, उलट्या, जुलाब, झोप नाही, अशी अवस्था होते. ह्या अवस्थेला व्यसनी मुले टर्की म्हणतात. ती सोसवत नाही म्हणून मूल पुन्हा पुडी शोधते, आणि पुडीसाठी घरातील भांडी, आईचे मंगळसूत्र, काहीही विकते. कॉलेजात जाणारी, चांगल्या घरची मुले वर्षा दोन वर्षांत हाडांचे सापळे झाली. सरकारनेही १९८५ मध्ये मादक पदार्थांविरुद्ध कडक कायदा केला.

त्या सुमारास अनिल अवचटांनी ह्या गर्दच्या विळख्यावर लेख लिहिले. ते लेख पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई ह्यांच्या वाचनात आले. सबंध महाराष्ट्राला हसविणारे हे दाम्पत्य ते वाचून फार अस्वस्थ झाले. ह्या मुलांसाठी काहीतरी करायलाच हवे, असे त्यांना वाटले, आणि आपल्या पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानातर्फे त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. त्या काळचे एक लाख रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. परंतु पैसा असला म्हणून केंद्र चालत नाही, चालविणारे माणूस लागते. ते माणूस म्हणजे अनिताबाई. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच जागा मिळाली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. लं.च्या हस्ते मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मुक्तांगण म्हणजे मोकळे अंगण. किती सुंदर नाव! तुरुंग नव्हे, कोंडवाडा नव्हे, तर अंगण.

आणि अनिताबाईंनी ते अंगणच ठेवले. तेथे मारहाण नाही, साखळदंड नाही, अपमान नाही. आलेल्या माणसाला रुग्ण म्हणण्यापेक्षा रुग्णमित्र म्हणावे, अशी रीत पडली. सर्वजण अनिताबाईंना मॅडम म्हणत आणि अनिल अवचटांना बाबा. पहिले काही दिवस टर्की सोसण्यासाठी औषधे आणि डॉक्टरांची देखरेख. मग पहाटे उठणे, योगासने, श्रमदान, आपापली भांडी आपण घासणे, गटात बसून मन मोकळे करणे, गाणी, चित्रे, असा दिवसाचा क्रम. पुढे हा उपचार पस्तीस दिवसांचा ठरला. पस्तीस दिवस संपले म्हणजे काम संपले असे नव्हे. घरी गेल्यावर ठरल्या वेळी पुन्हा येऊन भेटायचे, ज्याला तेथे फॉलोअप म्हणतात. ज्याने एक वर्ष व्यसनाला हात लावला नाही, त्याचा व्यसनमुक्तीचा वाढदिवस सर्वांसमक्ष साजरा करतात. ज्या माणसाचे घरात वर्षानुवर्षे कोणी कौतुक केले नाही, त्याच्यासाठी त्या दिवशी टाळ्या वाजतात, आणि समोर बसलेली बायको पदराने डोळे टिपते.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. हे सारे करायला माणसे कोठून आणायची? मानसोपचाराचे डॉक्टर आपल्याकडे मूठभर. परिचारिका, शिकलेले समाजसेवक मिळाले तरी व्यसनी मुलगा त्यांच्याजवळ मन उघडे करीलच असे नाही. तो फार तरबेज असतो. खोटे बोलण्यात, रडण्यात, शपथा घेण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. शिवाय त्याच्या मनात एक कायमची अढी असते, की ह्या पांढरपेशा माणसाला टर्की काय माहीत, गुत्त्याच्या दारात उभे राहिल्यावर पाय कसे ओढले जातात ते ह्याला काय माहीत.

ज्यांना ते माहीत होते, अशी माणसे मुक्तांगणातच तयार होत होती. व्यसनातून बाहेर पडून काही काळ नीट राहिलेले रुग्णमित्र हेच अनिताबाईंचे कार्यकर्ते झाले. ज्याला कोणी घरात घेईना, ज्याच्या हाती कोणी दहा रुपये देईना, त्याच्यावर केंद्रातील जबाबदाऱ्या सोपविल्या गेल्या. जगाच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा. चोराच्या हाती किल्ल्या देण्यासारखेच ते. परंतु विश्वास टाकल्याशिवाय माणूस विश्वासाला पात्र होत नाही, हे त्यांना ठाऊक होते. आपण नाही का, हात पोळेल म्हणून मुलीला चुलीपासून दूर ठेवीत, पण एके दिवशी तिच्या हाती उलथणे देतोच. दिल्याशिवाय ती शिकणार कशी?

हा विचार जगात इतरत्रही होऊन गेला होता. अमेरिकेत १९३५ मध्ये एक शेअर दलाल आणि एक शस्त्रक्रियेचे डॉक्टर, दोघेही दारूने पुरते बुडालेले, एकमेकांना भेटले. एका दारुड्याने दुसऱ्या दारुड्याशी मनापासून बोलले की दोघांचीही दारू दूर राहते, असा त्यांना अनुभव आला, आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ निघाली. तिच्या बैठका आज आपल्या देशातही भरतात. त्याच देशातील मिनेसोटा राज्यात १९५४ मध्ये सरकारी इस्पितळांत दारूच्या रुग्णांसाठी समुपदेशकाची जागा निर्माण झाली, आणि दारूतून सुटलेल्या माणसांना पगारावर त्या जागी घेण्यात आले. १९५६ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने दारूच्या आहारी जाणे हा आजार मानून त्यावर इस्पितळात उपचार व्हावेत असे म्हटले. आपल्याकडे मद्रासला शांती रंगनाथन ह्या बाईंनी १९८० मध्ये टी. टी. रंगनाथन ह्यांच्या नावाने अशीच संस्था काढली. त्यांचे यजमान दारूमुळेच गेले होते. स्वतःचे दुःख कवटाळून न बसता त्यांनी दुसऱ्यांच्या घरांसाठी दार उघडले. हे सर्व वाचताना मला वाटले, की ह्या कामात दुःख भोगलेला माणूसच बहुधा पुढे येतो.

परंतु भगिनींनो, दुःख भोगले एवढ्यावर समुपदेशक होता येत नाही. दहा बाळंतपणे झालेली बाई म्हणजे सुईण नव्हे. सुईणीला शिकावे लागते. व्यसन सुटलेल्या माणसाला वाटते, की मी जसा सुटलो तसाच समोरच्यानेही सुटले पाहिजे. तो उपदेश करू लागतो, रागावतो, आणि समोरचा आणखी दूर जातो. किंवा समोरच्याची कहाणी ऐकता ऐकता त्याचीच जुनी तल्लफ जागी होते. म्हणून शिक्षण हवे. ह्या शिक्षणात काय काय येते, ते मी वाचून समजून घेतले, ते थोडक्यात सांगते, कारण ते आपल्यालाही घरात उपयोगी आहे.

पहिली गोष्ट ऐकणे. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालायचे नाही, न्याय करायचा नाही. दुसरी, ऐकलेले पोटात ठेवणे. विहिरीवर किंवा नळावर त्याची चर्चा झाली की विश्वास संपला. तिसरी, नकार ओळखणे. व्यसनी माणूस सांगतो, की मी कधीतरी घेतो, मनात आणले तर उद्या सोडीन. हे तो नेहमी लबाडीने बोलतो असे नाही. आजारच त्याला तसे बोलवितो. त्याच्याशी वाद न घालता, गेल्या महिन्यात किती खाडे झाले, पगारातून घरी किती आले, मुलीच्या शाळेत कधी गेलात, असे साधे प्रश्न विचारून त्याचे त्यालाच दिसू द्यायचे. चौथी, घसरण समजून घेणे. सुटलेला माणूस पुन्हा प्याला तर सारे वाया गेले असे नव्हे. मधुमेहाच्या रोग्याने लाडू खाल्ला म्हणून आपण त्याचे औषध बंद करीत नाही. घसरण होण्याआधी खुणा दिसतात. चिडचिड वाढते, जुने मित्र भेटू लागतात, फॉलोअप चुकतो. त्या खुणा घरच्यांना शिकवायच्या. पाचवी, आपली मर्यादा ओळखणे. अंगात फणफण, झटके, भास, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार दिसले, तर समुपदेशकाने स्वतः वैद्य न होता तत्काळ डॉक्टरकडे पाठवायचे. आणि सहावी, स्वतःला सांभाळणे. दिवसभर दुसऱ्यांचे दुःख ऐकणाऱ्यालाही कोणीतरी ऐकणारे हवे.

शिकविलेल्या आणि न शिकविलेल्या माणसात किती अंतर पडते, ह्याचे एक उदाहरण सांगते. आमच्या ओळखीच्या एका घरातील मुलाला दारू सोडविण्यासाठी एका ठिकाणी ठेवले होते. नाव घेत नाही. तेथे त्याला कोंडून ठेवीत, हट्ट केला की पट्ट्याने मारीत, आणि घरच्यांना भेटू देत नसत. तीन महिन्यांनी मुलगा घरी आला तो दारू न पिता आला खरा, पण आईच्या डोळ्याला डोळा देईना. आठव्या दिवशी तो पुन्हा पिऊ लागला, आणि आता घरचे कोणी उपचाराचे नाव काढले की अंगावर धावून येतो. मारून सुटत असते तर आपल्या गल्लीतील निम्म्या घरांत एकही दारुडा उरला नसता. ज्यांनी त्याला मारले ते मुळात दुष्ट होते असे मला वाटत नाही. त्यांना कोणी शिकविलेच नव्हते. अशा ठिकाणी अनिताबाईंच्या हाताखाली तयार झालेला एक जरी कार्यकर्ता असता, तर त्या आईचा मुलगा तिला परत मिळाला असता, असे मनात आल्यावाचून राहात नाही.

अनिताबाईंच्या कामाचा आणखी एक भाग आपल्याला फार जवळचा आहे. व्यसन एकट्या माणसाला होत नाही, ते सबंध घराला होते, हे मुक्तांगणाने ओळखले. नवरा प्याला की बायको त्याच्या कामावर खोटा निरोप धाडते, की त्यांना ताप आहे. उधारी ती फेडते. मुलांना गप्प बसविते. शेजारणीला हसून दाखविते. हे ती प्रेमापोटी आणि अब्रूपोटी करते, पण त्याने नवऱ्याला आपल्या पिण्याची झळ लागतच नाही. म्हणून तेथे पत्नींचे वेगळे गट भरू लागले. त्या गटाला सहचरी असे नाव आहे. त्यात बायका एकमेकींजवळ बोलतात. आपल्यामुळे नवरा पितो, हा जो दोष आपल्या माथी सासरमाहेर दोन्हीकडून मारला जातो, तो तेथे उतरतो. नवऱ्याने सोडली तर उत्तम. न सोडली तरी मी आणि माझी मुले कशी जगणार, ह्याचा विचार करायला त्या शिकतात. स्त्री डॉक्टरच्या हाती हे काम होते म्हणून ते इतक्या मायेने झाले, असे मी समजते.

मुक्तांगणाच्या पहिल्या दशकातच अनिताबाईंना कर्करोगाने गाठले. असा आजार झाला की आपण अंथरूण धरतो, देवाजवळ रडतो. त्यांनी उपचार घेतले आणि कामही चालू ठेवले. उपचारांनी थकलेल्या शरीराने त्या रुग्णमित्रांत जाऊन बसत. व्यसन सोडताना होणाऱ्या यातनांनी खचलेल्या मुलासमोर, त्याच्याहून मोठ्या यातना सोसणारी आणि तरीही शांत असणारी मॅडम बसलेली असे. निराळा उपदेश करण्याची गरजच काय? फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांनी ह्या जगाचा निरोप घेतला.

कर्त्या माणसामागे संस्था बसते, असे आपण पुष्कळ ठिकाणी पाहतो. मुक्तांगण बसले नाही, आणि ह्यातच अनिताबाईंच्या शिकवणीची खरी परीक्षा झाली. त्यांनी काम आपल्या एकटीच्या भोवती गुंफले असते, तर ते त्यांच्याबरोबरच गेले असते. त्यांनी माणसे शिकविली होती, म्हणून ते चालू राहिले. अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी आपल्यातून गेले, तोपर्यंत ते मुक्तांगणाशी बांधलेले होते. थोरली कन्या मुक्ता मानसशास्त्र शिकून ह्याच कामात उतरली आणि तिने संस्थेची धुरा खांद्यावर घेतली. येरवड्यातच संस्थेची स्वतःची वास्तू उभी राहिली. व्यसनी स्त्रियांसाठी निशिगंध नावाचा स्वतंत्र विभाग निघाला. पुढे केंद्र सरकारने मुक्तांगणाला प्रादेशिक प्रशिक्षण केंद्राचे काम दिले, आणि महाराष्ट्रातील व बाहेरच्या राज्यांतील व्यसनमुक्ती केंद्रांचे समुपदेशक, परिचारिका, कार्यकर्ते तेथे शिकू लागले. एका वॉर्डात सुरू झालेली शिकवणी अशी राज्याच्या सीमा ओलांडून गेली. अनिताबाईंच्या नावाने संकटांशी झुंज देणाऱ्या व्यक्तींना संघर्ष सन्मान पुरस्कारही दिला जातो.

एवढे होऊनही गरज केवढी आहे पाहा. २०१९ मध्ये सरकारने दिल्लीच्या मोठ्या इस्पितळाकडून केलेली सबंध देशाची पाहणी प्रसिद्ध झाली. आपल्या देशात सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे, असे तीत दिसून आले. दारूच्या पुरते आहारी गेलेल्या अडतीस जणांमागे केवळ एकाला काही ना काही उपचार मिळतात. उरलेल्या सदतीस जणांची घरे कोठे आहेत? ती आपल्याच गल्लीत आहेत. इस्पितळे बांधून हे अंतर लवकर भरणार नाही. त्याला शिकलेली माणसे हवीत, पुष्कळ हवीत, आणि घराजवळ हवीत.

म्हणून ह्या चरित्राच्या निमित्ताने मी मंडळापुढे दोन गोष्टी ठेवते. पहिली सावधगिरीची. वर्तमानपत्रात आणि भिंतींवर जाहिराती असतात, की रोग्याच्या नकळत जेवणातून औषध द्या आणि दारू सोडवा. असे औषध कोणीही घरात आणू नये. डॉक्टरांवाचून दिलेल्या अशा औषधावर दारू प्याली तर जिवावर बेतू शकते. तसेच वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू घरातच एकाएकी बंद करणेही धोक्याचे आहे. दोन तीन दिवसांत हात कापू लागतात, झोप उडते, भास होतात, क्वचित झटके येतात, आणि माणूस दगावूही शकतो. अशा वेळी सरकारी इस्पितळात किंवा मानसोपचाराच्या डॉक्टरकडे न्यावे. सरकारचा १४४४६ हा फोन क्रमांक ह्याच मदतीसाठी आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. तो प्रत्येकीने चुलीशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

दुसरी गोष्ट कामाची. आपल्या मंडळात शिवण, पापड, लोणची ह्यांचे वर्ग झाले, बचत गट झाले. ह्या वर्षीच्या शिलकेतून आपण दोन भगिनींना समुपदेशनाचे प्राथमिक शिक्षण घेण्यासाठी पाठवावे, असे मी सुचविते. त्यातील एक तरी अशी असावी, की जिने हे दुःख घरात सोसले आहे आणि आज ती सावरली आहे. कोणत्या घरात काय चालले आहे ते पोलिसांना, डॉक्टरांना, पुढाऱ्यांना कळण्याआधी आपल्याला कळते. भिंतीला भिंत लागून असते, रात्री ऐकू येते. सकाळी ती बाई विडीची पाने घेऊन आपल्या शेजारी येऊन बसते, तेव्हा तिला काय बोलावे आणि काय बोलू नये, एवढे जरी आपल्यातील दोघींना शास्त्रशुद्ध कळले, तरी मंडळाचे एक मोठे काम झाले असे मी म्हणेन.

अनिताबाईंनी पडलेल्या माणसाला उचलले आणि त्यालाच दुसऱ्याला उचलायला शिकविले. ते त्यांचे ऋण पुण्यामुंबईपुरते ठेवण्याचे कारण नाही. त्यांच्या पुण्यस्मृतीस वंदन करून, आणि माझ्या सूचनेचा येत्या वार्षिक सभेत विचार व्हावा अशी विनंती करून, मी लेखणी खाली ठेवते.